मुंबईभोवतीच्या पायवाटा आणि त्यांचं घड्याळ

मुंबईतून सकाळी निघून दिवेलागणीला घरी परतता येईल अशा पायवाटा भरपूर आहेत. माणसं फसतात ती अंतर पाहून वाट निवडतात म्हणून. ‘सहा किलोमीटर म्हणजे काय, दीड तास!’ म्हणत मंडळी अकराला चालू लागतात आणि साडेबाराला, डांबर तापलेलं असताना, अर्ध्या रस्त्यात बसकण मारतात. इथली प्रत्येक वाट कुठल्या ना कुठल्या घड्याळाला बांधलेली आहे. कान्हेरीची वाट उद्यानाच्या फाटकाला, मनोरीची भरती-ओहोटीला, तुंगारेश्वरची ओढ्याच्या पाण्याला आणि माथेरानची कर्जत लोकलला. आधी ते घड्याळ ओळखायचं, त्यावरून परतीची वेळ ठरवायची आणि घरातून निघायची वेळ सगळ्यात शेवटी काढायची. बहुतेक जण नेमकं उलटं करतात.

वेळ आणि पाणी

विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली मांडलेला ठोकताळा अजूनही उपयोगी पडतो. सपाटीवर पाच किलोमीटरला एक तास, शिवाय दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. पण हा हिशोब थंड हवेचा. मुंबईच्या दमट हवेत घाम येतो पण वाळत नाही, त्यामुळे अंग निवत नाही आणि दम लवकर लागतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत या वेळेच्या सव्वापट, तर ऑक्टोबरात आणि मार्च ते मे या महिन्यांत दीडपट वेळ धरावा. कर्नाळा किल्ल्याचं उदाहरण घ्या. पायथ्यापासून चाल अडीच किलोमीटरच्या आसपास, चढाई चारशे मीटरच्या आतबाहेर. कागदावर सव्वा तास होतो, प्रत्यक्षात दीड ते दोन तास लागतात. बरोबर आजी-आजोबा किंवा लहान मुलं असतील तर गटाची चाल त्यांचीच धरायची. पुढे गेलेल्यांनी थांबायचं, आणि मागचे येऊन पोचताच लगेच उठून चालायला लागायचं नाही, नाहीतर विश्रांती पुढच्यांनाच मिळते.

डिसेंबरात मुंबईत सूर्य सहाच्या सुमाराला मावळतो, जूनमध्ये सव्वासातनंतर. पण झाडीत अंधार अर्धा-पाऊण तास आधी उतरतो. म्हणून हिवाळ्यात पाचला रानाबाहेर, निदान गाडीरस्त्यावर, असायला हवं. त्यातून मागे मोजत या. उतरायला दोन तास लागणार असतील तर दुपारी तीनला, शिखर गाठलं असो वा नसो, मागे फिरायचं. ही वेळ निघण्यापूर्वी सगळ्यांना सांगून ठेवावी. वर गेल्यावर ठरवायला बसलं की ‘अजून दहाच मिनिटं’ सुरू होतं.

पाणी हिवाळ्यात चालण्याच्या दर तासाला अर्धा लिटर, एप्रिल-मेमध्ये पाऊण ते एक लिटर. सहा तासांच्या उन्हाळी चालीला पाच लिटरच्या आसपास पाणी लागतं, ते पाठीवर पेलत नाही, म्हणून एप्रिल-मेमध्ये लांबच्या वाटा धरूच नयेत. नुसतं पाणी ढोसत राहिलं आणि मीठ पोटात गेलं नाही तर पोटऱ्यांत गोळे येतात, मळमळतं. जलसंजीवनीची (ओआरएसची) दोन पाकिटं ठेवावीत. नसतील तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा. खायला दशम्या, थालीपीठ, गूळ-शेंगदाणे, काकडी. बिस्किटांनी घसा सुकतो आणि मग पाणी लवकर संपतं.

रविवारचा मेगाब्लॉक विसरू नका. तो साधारण सकाळी दहा-अकरापासून दुपारी तीन-चारपर्यंत असतो. कर्जत-कसाऱ्याकडे जायचं तर दहाच्या आत ठाणं ओलांडलेलं असावं, आणि परतीची लोकल चारनंतरची धरावी. कल्याणनंतर मध्य रेल्वेचे दोन फाटे फुटतात. नेरळला निघालेला माणूस डुलकी लागून कसाऱ्याच्या गाडीत बसून राहिला तर टिटवाळ्याला जागा होतो, तेव्हा इंडिकेटर नीट वाचून चढावं.

बोरिवलीचं उद्यान आणि कान्हेरी

पहिली चाल इथेच करावी. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं आहे. एका अंगाला बोरिवली, दुसऱ्या अंगाला मुलुंड-ठाणं, आणि मधोमध तुळशी आणि विहार हे दोन तलाव. बोरिवली स्टेशनच्या पूर्वेला उतरून पंधरा मिनिटं चाललं की द्रुतगती महामार्गाला लागून फाटक दिसतं. उद्यान सोमवारी बंद असतं. सर्वसाधारण पाहुण्यांना सकाळी साडेसातच्या सुमाराला सोडतात. त्याआधी आत दिसणारी माणसं पासधारक असतात.

फाटकापासून कान्हेरीचा पायथा सहा-सात किलोमीटर. पूर्ण डांबरी रस्ता आहे, वाट चुकायची भीती नाही. सुरुवातीचा कृष्णगिरी उपवनाचा भाग गर्दीचा असतो. नौकाविहार, सहली. तिथे वेळ घालवू नये. पुढे दहिसर नदी रस्त्याच्या सोबतीने येते, आणि पुलांवरून दोन-तीनदा ओलांडावी लागते. जानेवारी-फेब्रुवारीत काटेसावर फुललेली असते. पांढऱ्याफटक खोडाचा कांडोळ पानं गळल्यावर दुरूनही ओळखू येतो, भुत्या झाड म्हणतात ते हेच. डोंगरउतारावरची दाट कारवी सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते. बाकीच्या वर्षी ती नुसतं खरखरीत पानांचं झुडूप असते, त्यामुळे लक्ष जात नाही.

जाताना चालावं आणि येताना बस धरावी, हा क्रम योग्य. उलट केलं तर बसची रांग सकाळच्या गारव्यात आणि चाल भर उन्हात वाट्याला येते. साडेसातला फाटक, सव्वानऊपर्यंत पायथा, अकरापर्यंत लेणी, साडेअकराला बस. पायथ्याशी पाड्यांवरच्या बाया काकडी, आवळे, बोरं, उन्हाळ्यात कैऱ्या आणि करवंदं विकायला बसतात. ती खरेदी तिथेच खाऊन संपवायची. हातात प्लास्टिकची पिशवी दिसली की माकड ती ओढणारच, त्यात खाणं असो वा पाण्याची बाटली. ओढाताण करू नका, सोडून द्या. माकड चावलं किंवा बोचकारलं तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करायची.

लेण्यांचं तिकीट वेगळं, भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचं. शंभराहून जास्त लेणी आहेत, सगळी पाहायच्या फंदात पडू नये. तिसऱ्या क्रमांकाचं चैत्यगृह, अकरावं ‘दरबार’ लेणं, आणि पायात जोर असेल तर एकेचाळिसावं, जिथे अकरा मुखांचा अवलोकितेश्वर आहे. नव्वदाव्यात पहलवी लिपीतले लेख आहेत. चालणाऱ्याने आवर्जून पाहायची गोष्ट मात्र पाण्याची. जवळजवळ प्रत्येक विहारापाशी कातळात खोदलेलं टाकं आहे, शिलालेखांत त्याला ‘पोढी’ म्हटलंय, आणि डोंगरमाथ्यावरून ओघळणारं पाणी त्यात वळवायला बारीक पन्हळी कोरल्यात. माथ्यावर झाड जवळपास नाही आणि काळा कातळ अकरानंतर तव्यासारखा तापतो, म्हणून वरची लेणी आधी पाहावीत, खालची मागाहून. पावसाळ्यात याच कातळावर शेवाळाचा पातळ थर असतो. तो दिसत नाही, पाय ठेवल्यावरच कळतो. पन्हळींच्या कडेने चालू नये, पाणी नसलेला खडबडीत भाग शोधावा.

बिबट्याविषयी लोक फार विचारतात. उद्यानात बिबटे आहेत, आरेत आहेत, येऊरला आहेत. दिवसाउजेडी रस्त्याने बोलत चालणाऱ्या गटाच्या वाटेला ते जात नाहीत. धोका संधिप्रकाशात, आणि खाली बसलेल्या किंवा वाकलेल्या माणसाला, कारण तो आकाराने लहान दिसतो. मुलांना गटाच्या मधोमध ठेवा, आडोशाला एकटं जाऊ नका. दिसलाच तर पाठ करून पळायचं नाही. हात वर करून उभं राहायचं आणि तोंड त्याच्याकडे ठेवून हळूहळू मागे सरकायचं.

शिलोंड्यासारख्या आतल्या निसर्गवाटा परवानगीशिवाय नाहीत. उद्यानाच्या निसर्ग माहिती केंद्रात आधी नोंदणी करावी लागते आणि वाटाड्या बरोबर येतो. ‘आम्हाला वाट माहीत आहे’ हे कारण चालत नाही, आणि चालू नये. गोरेगावला चित्रनगरीच्या आवारात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचं, म्हणजे १८८३ साली स्थापन झालेल्या संस्थेचं, निसर्ग शिक्षण केंद्र आहे. फुलपाखरं आणि कोळी ओळखायला शिकायचं असेल तर पावसाळ्यात त्यांच्या फेरीला नाव नोंदवावं. आरेचा मुख्य रस्ता मात्र चालायला वाटतो तितका सुखाचा नाही. झाडी सुंदर, पण वाहनं सुसाट जातात आणि पदपथ सलग नाही. सकाळी सहा ते आठ, वाहनांना सामोरं राहून उजव्या कडेने.

शहरातच दोन तास

लांब जायचं नसेल तेव्हा चर्नी रोड स्टेशन, गिरगाव चौपाटी, तिथून विचारत विचारत सिरी रोडची चढण, कमला नेहरू पार्क, हँगिंग गार्डन आणि उताराने बाणगंगा. पाच किलोमीटरच्या आसपास. सिरी रोडच्या झाडीत २०२५ साली उंच लाकडी पदमार्ग खुला झाला, जवळपास अर्ध्या किलोमीटरचा. ठरावीक वेळेचं तिकीट ऑनलाइन काढावं लागतं, रविवारी ऐनवेळी मिळेल असं धरून जाऊ नका. बाणगंगेला पायऱ्यांवर दुपारी सावली नसते, म्हणून हीही चाल सकाळचीच.

सायन-वांद्रे लिंक रोडवरचं महाराष्ट्र निसर्ग उद्यान ३७ एकरांचं आहे आणि पूर्वी तिथे कचराभूमी होती. १९९४ पासून ते लोकांसाठी खुलं आहे. तासाभराची फेरी, सावली भरपूर, डासही भरपूर.

मनोरी ते गोराई

मालाड पश्चिमेहून बसने मार्वे, तिथून फेरीबोटीने खाडी ओलांडून मनोरी, मनोरी गावातून गोराई, पुढे पॅगोडाजवळचा धक्का आणि परत फेरीबोटीने बोरिवली पश्चिम. चाल नऊ-दहा किलोमीटर, चढ जवळजवळ नाही. कोळीवाडा, ईस्ट इंडियन घरं, क्रूस, ताडमाडांच्या वाड्या, तिवरांची दलदल, वलांडीवर वाळत घातलेले बोंबील असा सगळा प्रवास आहे. मुंबईच्या हद्दीत खेड्याची चाल म्हणतात ती हीच. वलांड्या भरलेल्या पाहायच्या तर पावसाळा संपल्यावर.

किनाऱ्याने चालायचं की रस्त्याने, हे भरती-ओहोटी ठरवते. जुना ठोकताळा असा. तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची. चतुर्थीला चार गुणिले पाऊण, म्हणजे तीनच्या सुमाराला पूर्ण भरती. अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावास्येला साधारण बारा. त्यानंतर सहा तासांनी ओहोटी, आणि दर दिवशी ही वेळ पाऊण-एक तासाने पुढे सरकते. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून बोट आणि किनारा दोन्ही गाठायचे असतील तर भरतीचं कोष्टकही पाहून ठेवावं. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला पाणी पार वर चढतं आणि ओहोटीला तितकंच दूर जातं. अष्टमीच्या भांगाला दोन्ही बाजूंनी कमी. पुळणीवरून चालायला ओहोटीच्या आधीचे दोन तास आणि नंतरचा एक तास उत्तम, कारण ओली वाळू घट्ट असते. कोरड्या भुसभुशीत वाळूत तेच अंतर कापायला दीडपट दम लागतो.

खाडीच्या मुखाकडे चिखल वरून वाळलेला दिसतो पण आत गिळगिळीत असतो. कोळी लोक जिथून जातात तेवढ्याच पायवाटेने जावं. पाय घोट्याच्या वर रुतला तर खेचाखेची करू नका. मागे रेलून बसल्यासारखं व्हायचं, वजन पसरतं, मग टाच हलवत एकेक पाय सोडवायचा. गोराईच्या किनाऱ्यावर पोहायला उतरू नये. पावसाळ्यात वारा वाढला की फेरीबोटी बंद ठेवतात. अशा वेळी गोराईहून उत्तनमार्गे भाईंदरला जाणारी बस हा परतीचा रस्ता, फक्त त्यासाठी हाताशी दीड-दोन तास जास्त हवेत.

तुंगारेश्वर आणि ओढ्याचं पाणी

वसई पूर्वेला महामार्गाच्या पलीकडे तुंगारेश्वर अभयारण्य. वसई रोड स्टेशनवरून रिक्षाने फाट्यापर्यंत, तिथून मंदिरापर्यंत तीन-चार किलोमीटरची कच्ची वाट. वाट सोपी आहे, पण ओढा तिला वारंवार छेदतो. ऑगस्टअखेर ते ऑक्टोबर हा काळ उत्तम. महाशिवरात्रीला आणि श्रावणी सोमवारी जत्रेइतकी गर्दी असते, त्या दिवशी रान पाहायला जाण्यात अर्थ नाही.

सांताक्रूझला जून ते सप्टेंबरात सरासरी २,२०० ते २,३०० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि त्यातला मोठा वाटा जुलैचा. डोंगरउतारावर माती पातळ, खाली कातळ. पाणी मुरायला जागा नसल्याने वर पडलेला पाऊस थोड्याच वेळात ओढ्यात उतरतो. म्हणून तुमच्या डोक्यावर ऊन असताना लोंढा येऊ शकतो. खुणा तीन: नितळ पाणी गढूळ होतं, काड्या-पानं वाहून यायला लागतात, आणि आवाज जड होतो. यातली एकही दिसली की ज्या काठावर असाल त्या काठावर वर चढा, सामान राहिलं तर राहू द्या.

ओलांडायचंच असेल तर पाणी गुडघ्याच्या खाली हवं. जोराच्या प्रवाहात गुडघाभर पाणीही मोठ्या माणसाला पाडतं. ओढा पसरट होतो ती जागा निवडा, अरुंद जागी पाणी खोल आणि वेगाचं असतं. बूट काढू नका. पाठपिशवीचा छातीवरचा आणि कमरेचा पट्टा सोडा, पडलात तर ती अंगावरून काढता आली पाहिजे. तोंड प्रवाहाकडे, हातात काठी, एका वेळी एकच पाऊल. परतताना पाणी चढलेलं असलं तर थांबायचं. पाऊस थांबल्यावर एवढासा ओढा दोन-तीन तासांत उतरतो, आणि लवकर निघालेल्यांकडेच तेवढे तास शिल्लक असतात.

चिंचोटीचा धबधबा आणि खारघरचा पांडवकडा इथे दर पावसाळ्यात प्रवेशबंदीचे आदेश निघतात. धबधब्याखालच्या डोहात पाणी आत ओढतं, काठ निसरडा आणि तळ दिसत नाही. या दोन्ही ठिकाणी ‘मागच्या बाजूने’ नेणारे वाटाडे भेटतात. जाऊ नका.

कर्नाळा

पनवेलहून पेण-अलिबागकडे जाणाऱ्या एसटीने, अभयारण्याच्या दाराशी उतरायचं. सगळ्या गाड्या तिथे थांबत नाहीत, कंडक्टरला तिकीट काढतानाच विचारा. आत प्लास्टिकच्या बाटल्या मोजून अनामत घेतली, तर परतताना तेवढ्याच दाखवून परत मिळते, तेव्हा पावती जपून ठेवा. पक्षी पाहायचे तर हरियाल आणि मोरटाका या दोन निसर्गवाटा, त्याही साडेआठच्या आत. गटाने बडबडत किल्ल्यावर जाणाऱ्यांना पक्षी दिसत नाहीत आणि मग ते अभयारण्याला नावं ठेवतात.

किल्ल्याची वाट झाडीतून डोंगराच्या सोंडेवर चढते आणि शेवटी कातळात कोरलेल्या पायऱ्या लागतात. फेब्रुवारीनंतर वाटेवर सुकी पानं आणि मुरूम साचतो, त्याला घसारा म्हणतात. उतरताना माणसं घसाऱ्यावर टाच टेकून मागे रेलतात आणि त्यामुळेच घसरतात. गुडघे किंचित वाकवून, वजन पुढच्या पायावर, तळवा पूर्ण टेकवून छोटी पावलं टाकावीत. बुटांच्या तळाची नक्षी झिजली असेल तर इथे कळतं.

वरच्या अंगठ्यासारख्या सुळक्याला आग्या मोहळं लटकलेली असतात. अत्तर, सुगंधी तेल, धूर, सिगारेट, आरडाओरडा, दगड मारणं यांतलं काहीही माशांना उठवतं. टाक्यांपाशी आवाज न करता जा आणि मोहळ दिसलं की तिथे जेवायला बसू नका. माशा उठल्याच तर हात झाडत उभं राहू नये. ओढणी, सदरा, जे असेल त्याने डोकं आणि तोंड झाकायचं आणि आल्या वाटेने, दाट झाडीतून खाली उतरायचं. कड्याच्या बाजूला धावू नका. काटे नखाने किंवा जुन्या कार्डाने लगेच खरवडून काढा, कारण काट्याच्या पिशवीतून विष काही काळ उतरत राहतं. दहा-वीसहून अधिक डंख झाले, किंवा एकाच डंखाने ओठ सुजले, श्वास घरघरला, तर १०८ ला फोन लावून थेट रुग्णालय गाठायचं.

माथेरान, आणि गारबटची वाट

माथेरानला सुमारे ८०० मीटर उंचीवर मोटारींना बंदी आहे. दस्तुरी नाक्यापर्यंत टॅक्सी, पुढे पायी, घोड्याने किंवा शटल गाडीने. नेरळहून निघणारी छोटी गाडी १९०७ सालची. पावसाळ्यात तिचा नेरळकडचा भाग बंद राहतो, दस्तुरीजवळच्या अमन लॉज स्थानकापासून माथेरानपर्यंतची शटल मात्र सुरू असते. दस्तुरीहून रुळांच्या कडेने बाजारपेठेत पाऊण तासात पोचता येतं. वर लाल जांभ्याची माती, बहुतेक वाटांवर गर्द सावली, म्हणून एप्रिलमध्ये चालायला इथेच यावं. बाजारातून शार्लोट तलाव, तिथून लॉर्ड, एको आणि लुईझा हे पॉइंट करून परत, तीन तास पुरतात. सगळे पॉइंट एका दिवसात ‘करायचे’ म्हटलं तर कठड्यांशिवाय काही आठवत नाही. पांढरे बूट घालू नका, लाल मातीचा रंग धुतल्यावरही जात नाही.

ज्यांना चढून जायचंय त्यांच्यासाठी गारबटची वाट. भिवपुरी रोड स्टेशनवर सकाळी सातच्या आत उतरा. डिकसळ गाव, मग पाली-भुतिवली धरणाचा जलाशय, तिथून सोंडेने चढत वाडीजवळचं मोकळं पठार, आणि शेवटी गारबट पॉइंटकडची खडी चढण. वर पोचायला चार ते पाच तास, पॉइंटवरून दस्तुरीपर्यंत आणखी तासभर. ऑक्टोबर ते जानेवारी हा काळ. गारबटचं घड्याळ सूर्य आहे. पठारावर सावली अजिबात नाही, तेव्हा अकराच्या आत ते पार व्हायला हवं.

चुकण्याची जागाही पठारच. गुरं चरायला येतात, त्यामुळे ढोरवाटांचं जाळं पसरलेलं असतं. ढोरवाट गवताकडे किंवा पाण्याकडे जाते, गावाकडे नाही. ती मधेच विरते, झुडपांखालून कमरेइतक्याच उंचीने जाते आणि तिच्यावर चपलांचे ठसे नसतात. दहा मिनिटांत खात्रीची खूण दिसली नाही तर शेवटच्या खात्रीच्या जागी परत या. वाट सापडेना म्हणून ओढ्याने खाली उतरणं ही सह्याद्रीतली सगळ्यात महागात पडणारी चूक आहे. हा सगळा प्रदेश लाव्हाच्या थरांवर थर बसून झालेला, जिन्यासारखा. प्रत्येक थराच्या कडेला ओढ्याचा धबधबा होतो. एक टप्पा घसरत उतरलात की वर जाता येत नाही आणि खाली कडा असतो. उतरायचं ते सोंडेवरून. तिथून निदान पुढचं दिसतं आणि मोबाइलला रेंज मिळायची शक्यताही जास्त. नकाशा घरूनच मोबाइलमध्ये उतरवून घ्या, आणि चालताना फोन विमान मोडवर ठेवा. रेंज शोधत राहिल्याने बॅटरी दुपारपर्यंत संपते.

वाडीतल्या माणसाला वाट विचारताना ‘ही वाट गारबटला जाते ना?’ असं विचारू नये, समोरचा भिडेखातर हो म्हणतो. ‘गारबटची वाट कुठली?’ विचारावं आणि हात कुठे दाखवतो ते पाहावं. मावशींच्या घरी पाणी किंवा चहा घेतला तर पैसे न मागताही द्यावेत.

बाकी काही

साप. या सगळ्या रानात नाग, मण्यार, घोणस, फुरसं आहेत. फुरसं लहान असतं, दगडांत मातकट रंगात मिसळून जातं. हात टेकण्याआधी दगड पाहा, पडलेल्या ओंडक्यावर आधी पाय ठेवून मग पलीकडे उतरा. चावलाच तर कापणं, चोखणं, घट्ट बांधणं यांतलं काहीही करायचं नाही. अंगठी-घड्याळ काढा, तो हात किंवा पाय फळकुटाला बांधून स्थिर ठेवा, माणसाला चालवू नका, आणि प्रतिविष असलेल्या रुग्णालयात न्या. साप पकडून किंवा मारून नेण्यात वेळ जातो आणि दुसरा माणूस चावला जातो. उपचार लक्षणांवरून होतात.

खाजकुयली. नोव्हेंबर ते जानेवारीत वेलींवर सोनेरी मखमली शेंगा दिसतात, मुलं हमखास हात लावतात. खाज सुटल्यावर चोळलं किंवा लगेच पाणी ओतलं तर केस पसरतात. चिकटपट्टी लावून उपटायची, दोन-चार वेळा, मग धुवायचं. म्हणून प्रथमोपचाराच्या पाकिटात चिकटपट्टीचं रीळ असू द्या, फाटक्या बुटाचा तळही त्यानेच बांधता येतो.

वीज. मे-जून आणि ऑक्टोबरच्या दुपारी. ढग काळवंडले की माथा आणि पठार सोडून खाली उतरा, एकट्या झाडाखाली थांबू नका, छत्री मिटा.

वनक्षेत्रात अडचण आली तर वन विभागाचा १९२६ हा क्रमांक आहे, बाकी संकटात ११२. घरी एका माणसाला वाट आणि परतीची वेळ लिहून पाठवा. ‘ट्रेकला जातोय’ एवढ्यावर कुणी शोधायला येऊ शकत नाही.

घरी आल्यावर, विशेषतः पावसाळ्यानंतरच्या गवतातून चालला असाल तर, गुडघ्यामागे, कमरेला आणि काखेत गोचीड आहे का पाहा. असेल तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढायची, रॉकेल किंवा काडी लावायची नाही. पुढच्या आठ-पंधरा दिवसांत ताप आला तर डॉक्टरांना रानात गेल्याचं सांगा. बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून पंख्याखाली ठेवा आणि बोळे रात्री एकदा बदला. उन्हात वाळवले तर तळ सुटतो.